पत्राबरोबरचा कागद
(नभोवाणीवरील भाषण)



नागपुराहून वर्धेच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे उजव्या हातास सोनेगांवचा विमानतळ लागतो. त्याला आतां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव आहे. तेथून थोडें पुढें गेलें कीं खापरीच्या बाजूस मिहानचा पसारा दिसूं लागतो. शिवणगांव, तेल्हारा, दहेगांव, कलकुही ह्या गांवांची शेतें ह्या प्रकल्पांत गेलीं. जेथें पूर्वीं तूर आणि कापूस उभा असे, तेथें आज कांचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांतील दिवे रात्रभर मालवत नाहींत. मिहान हें आद्याक्षरांनीं बनलेलें नांव आहे. नागपूरचें बहुविध वाहतुकीचें आंतरराष्ट्रीय मालकेंद्र व विमानतळ, असा त्याचा आशय.

माझी भाची ह्याच मिहानांतील एका इमारतींत रात्रपाळीस कामाला असते. संध्याकाळीं मेट्रोनें खापरीस उतरते आणि सकाळीं परत येते. ती तेथें काय करते असें मीं तिला एकदां विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "मामा, रात्रीं हजारों यंत्रें आपापलें काम करतात आणि पहांटे ज्याचा त्याला हिशेब पाठवितात. तो हिशेब नीट पोंचतो कीं नाहीं, हें पहाणें माझें काम."

हें ऐकून मला माझ्या वडिलांनीं सांगितलेली एक गोष्ट आठवली. १९४९ च्या जानेवारींत आपल्या देशांत रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास ह्या चार शहरांतून रात्रीं चार विमानें निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास ह्याच सोनेगांवीं एकत्र येत. तेथें टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमानें आपापल्या गांवीं परत जात. मुंबईस संध्याकाळीं टाकलेलें पत्र दुसऱ्या दिवशीं कलकत्त्यास वांटलें जाई. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून हा मान नागपुरास मिळाला. ती सेवा आतां नाहीं. परंतु त्याच भूमीवर, मध्यरात्रीच्याच वेळीं, आजहि टपालाची अदलाबदल चालूच आहे. थैल्या मात्र डोळ्यांस दिसत नाहींत, इतकेंच.

आज मी आपणांस ह्या न दिसणाऱ्या टपालाविषयीं, त्यांतहि पत्राबरोबर जो कागद जोडावयाचा असतो त्याविषयीं, सांगणार आहें. कचेरीच्या भाषेंत आपण त्यास सहपत्र म्हणतों, आणि तरुण मंडळी अटॅचमेंट म्हणतात. हा विषय संगणकाच्या पंडितांचा आहे आणि मी साधा मॅट्रिक झालेला मास्तर, तेव्हां मीं त्यांत कां पडावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर म्हणून माझ्या हातून घडलेली एक चूक मला प्रथम सांगितली पाहिजे.

आम्हां कांहीं निवृत्त शिक्षकांचें एक लहानसें वाचनालय आहे. तेथें कोणीतरी दिलेला एक जुना संगणक आहे. त्यावर खिडक्या आणि चित्रें चालविण्याइतकी शक्ति त्यांत उरलेली नाहीं. म्हणून भाचीनें त्यावर लिनक्स बसवून दिलें. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण, आणि आपण अक्षरांनीं आज्ञा टंकावयाची, असा तो प्रकार. मला तो आवडला. शाळेंत जसें शुद्धलेखन, तसें येथेंहि. एक अक्षर चुकलें तर काम होत नाहीं, आणि बरोबर लिहिलें तर यंत्र मुकाट्यानें ऐकतें.

आमचे एक जुने सहकारी वारले. त्यांच्या पत्नीस कुटुंबनिवृत्तिवेतन मिळावयाचें होतें. अर्ज आणि मृत्यूचा दाखला मिळून सहा पानें होतीं, तीं छायांकित करून एका फाईलींत घातलीं होतीं, आणि महिनाअखेरच्या आंत एका कचेरीस ई-मेलनें पाठवावयाचीं होतीं. मीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, "वहिनी, काळजी करूं नका, मी पाठवितों." चोवीस तारखेस मीं आज्ञा दिली. यंत्रानें कांहींच तक्रार केली नाहीं. मी घरीं येऊन स्वस्थ झोंपलों.

पुढच्या महिन्याच्या पांच तारखेस चौकशी केली, तेव्हां तेथील कारकून म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पत्रांत टक्क्याची खूण, पी-डी-एफ हीं अक्षरें, आणि त्यापुढें नुसता कचरा आहे. आम्हीं तें बाजूस ठेवून दिलें." महिन्याची यादी बंद झाली होती. प्रकरण दोन महिने मागें गेलें. ते दोन महिने त्या बाईंनीं किराणा उधारीवर आणला. त्या मला एका शब्दानेंहि बोलल्या नाहींत, आणि त्याचेंच मला अधिक लागलें.

काय चुकलें होतें? तें समजावून घेण्यासाठीं ई-मेल म्हणजे मुळांत काय, हें पाहिलें पाहिजे.

१९७१ सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन ह्या अभियंत्यानें एका संगणकावरून दुसऱ्या संगणकास जाळ्यावाटे पहिलें पत्र पाठविलें. मनुष्याचें नांव आणि यंत्राचें नांव ह्यांच्या मध्यें जें वाटोळें ॲट चिन्ह आपण आज लिहितों, तें त्यानेंच योजिलें. युनिक्स ही संगणकाची कार्यप्रणाली १९६९ पासून बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची घडवीत होते. तिच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तकांतहि मेल नांवाची आज्ञा आहे. आमच्या वाचनालयांतील लिनक्स हें १९९१ सालचें, त्याच घराण्याच्या वळणावर गेलेलें. सारांश, काळ्या पडद्यावरून पत्र पाठविणें ही आजची नवी कसरत नसून ई-मेलची मूळची रीतच आहे.

त्या काळीं पत्र म्हणजे केवळ इंग्रजी अक्षरें. अंक, अक्षरें, विरामचिन्हें आणि कांहीं अदृश्य खुणा मिळून १२८ चिन्हें ठरलीं होतीं, आणि तेवढींच पत्रांतून जात. १९८२ सालीं टपाल पोंचविण्याचे जे नियम जॉन पोस्टेल ह्यांनीं लिहून काढले, त्यांतहि हीच मर्यादा होती, आणि एका ओळींत हजारापेक्षां अधिक चिन्हें नसावींत असाहि नियम होता. आतां संगणकाच्या स्मरणांत जें कांहीं असतें, चित्र, ध्वनि किंवा छायांकित कागद, तें ० पासून २५५ पर्यंतच्या संख्यांनीं लिहिलेलें असतें. अशा एका संख्येस बाईट म्हणतात. ज्या वाटेवर १२८ चिन्हांनाच प्रवेश आहे, त्या वाटेवरून २५६ प्रकारच्या संख्या सोडल्या तर काय होईल? अर्ध्या वाटेंतच अडतील, कांहींचें रूप बदलेल, कांहीं गळून पडतील. वाटा आतां पुष्कळ रुंद झाल्या आहेत, पण सगळ्याच नव्हेत. शिवाय माल धड पोंचला तरी तो कागद आहे कीं मजकूर, हें लखोट्यावर लिहिलेलें नसेल तर घेणाऱ्यानें तरी काय समजावें?

माझी चूक अगदीं हीच होती. मेल ह्या आज्ञेपुढें मीं विषय लिहिला, पत्ता लिहिला, आणि शेवटीं डावीकडे टोंक असलेला कोन काढून पुढें फाईलचें नांव लिहिलें. त्या कोनाचा अर्थ असा कीं, ह्या फाईलींत जें आहे तें माझ्या हातानें टंकलेलें आहे असें समज. यंत्रानें तसेंच समजून घेतलें. त्यानें कागद लखोट्यांत घातला नाहीं. त्यांतील संख्या पत्राचा मजकूर म्हणून ओतल्या. पीडीएफ जातीच्या प्रत्येक फाईलीच्या आरंभीं टक्क्याची खूण आणि पी-डी-एफ अशीं अक्षरें असतात. कारकुनास तीं दिसलीं तीं त्यामुळें. भाचीला मीं ही हकीगत सांगितली तेव्हां ती म्हणाली, "मामा, तुम्ही कागद पाकिटांत घातलाच नाहीं, त्याचा लगदा करून शाईच्या जागीं वापरलात."

ह्या अडचणीवर लोकांनीं फार पूर्वींच उपाय शोधिला होता. १९८० सालीं मेरी ॲन हॉर्टन ह्या विदुषींनीं यूयूएन्कोड नांवाची युक्ति केली. कोणत्याहि फाईलींतील संख्यांचें साध्या अक्षरांत रूपांतर करावयाचें, तीं अक्षरें पत्रांतून पाठवावयाचीं, आणि पोंचल्यावर उलट रूपांतर करून मूळ फाईल मिळवावयाची. ही युक्ति पुष्कळ वर्षें चालली. तिच्यांत उणें इतकेंच होतें कीं, पत्रांत कोणत्या जातीचा कागद आहे, एकच आहे कीं अनेक आहेत, हें सांगण्याची सर्वमान्य रीत नव्हती.

ती रीत १९९२ सालीं नेथॅनियल बोरेन्स्टीन व नेड फ्रीड ह्या दोघांनीं घालून दिली. तिला माईम म्हणतात. त्या वर्षीं ११ मार्चला बोरेन्स्टीन ह्यांनीं एका पत्रासोबत आपल्या गायक-चौकडीचें चित्र आणि तिच्या गाण्याचा ध्वनि जोडून पाठविला. आज आपण नातवाचें छायाचित्र पाठवितों, त्या वंशाचा मूळपुरुष तोच.

माईमची रीत आपल्या टपालाच्या थैलीसारखीच आहे. पत्राच्या माथ्यावर सूचना असते कीं, ह्यांत अनेक भाग आहेत, आणि ते अमुक एका खुणेनें वेगळे केले आहेत. ही खूण म्हणजे सीमारेषा. ती अशी विचित्र निवडतात कीं मजकुरांत ती चुकूनहि येऊं नये. मग सीमारेषा, तिच्या आधीं दोन आडव्या रेघा, तिच्याखालीं पहिल्या भागाची जात, म्हणजे साधा मजकूर, मग एक कोरी ओळ, मग मजकूर. पुन्हां सीमारेषा, दुसऱ्या भागाची जात, म्हणजे पीडीएफ, कोणत्या पद्धतीनें त्याचीं अक्षरें केलीं आहेत तें, तो सहपत्र म्हणून ठेवावा अशी सूचना आणि फाईलचें नांव, कोरी ओळ, आणि मग प्रत्यक्ष माल. सर्वांत शेवटीं सीमारेषेच्या आधीं दोन आणि नंतरहि दोन रेघा, म्हणजे थैली येथें संपली. मधली कोरी ओळ विसरली तर लखोट्यावरचा पत्ता कोठें संपतो आणि आंतील पत्र कोठें सुरू होतें, हें यंत्रास कळत नाहीं. थोर कामें अनेकदां एका कोऱ्या ओळीवाचून अडतात.

आतां संख्यांचीं अक्षरें कशीं करतात तें पाहूं. येथें मी जरा मास्तरकी करणार आहें, ती श्रोत्यांनीं सहन करावी. ज्यांच्याजवळ पाटीपेन्सिल असेल त्यांनीं ती घ्यावी.

ह्या पद्धतीस बेस-६४ म्हणतात. इंग्रजी मोठीं अक्षरें २६, लहान अक्षरें २६, अंक १०, अधिकाची खूण एक आणि तिरपी रेघ एक, मिळून ६४ चिन्हें. शून्यापासून मोजावयास लागा: ० म्हणजे मोठा ए, २५ म्हणजे मोठा झेड, २६ म्हणजे लहान ए, ५१ म्हणजे लहान झेड, ५२ म्हणजे शून्य हा अंक, ६१ म्हणजे नऊ हा अंक, आणि ६२ व ६३ म्हणजे त्या दोन खुणा. नियम असा कीं, तीन बाईट घ्यावयाचे आणि त्यांचीं चार चिन्हें करावयाचीं.

उदाहरणासाठीं आपला मराठी म घेऊं. आजच्या सर्वमान्य युनिकोड पद्धतींत, तिच्या यूटीएफ-८ ह्या लिखाणांत, म लिहावयास तीन बाईट लागतात: २२४, १६४ आणि १७४. पहिल्या संख्येस ४ नें भागा. २२४ भागिले ४, भागाकार ५६, बाकी ०. हें पहिलें चिन्ह: ५६. आतां त्या बाकीस १६ नें गुणा, म्हणजे ०, आणि दुसऱ्या संख्येस १६ नें भागून येणारा भागाकार त्यांत मिळवा. १६४ भागिले १६, भागाकार १०, बाकी ४. दुसरें चिन्ह: १०. आतां ह्या बाकीस, म्हणजे ४ ला, ४ नें गुणा, १६ झाले. तिसऱ्या संख्येस ६४ नें भागून येणारा भागाकार त्यांत मिळवा. १७४ भागिले ६४, भागाकार २, बाकी ४६. सोळा अधिक दोन, अठरा. तिसरें चिन्ह: १८. उरलेली बाकी ४६, हेंच चौथें चिन्ह.

आतां यादींत पहा. ५६ म्हणजे चार हा अंक. १० म्हणजे मोठा के. १८ म्हणजे मोठा एस्. ४६ म्हणजे लहान यू. तेव्हां आपला म टपालांतून जातांना चार, के, एस्, यू असा वेष घेऊन जातो, आणि मुक्कामीं पोंचल्यावर वेष उतरवून पुन्हां म होतो. पाटीवर उलट गणित करून पाहिलें तर तेच तीन बाईट परत मिळतील.

ह्यांतून एक गंमत निघते. देवनागरीचें प्रत्येक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसुद्धां, ह्या लिखाणांत तीन बाईटांचें असतें. त्यांतील पहिला नेहमीं २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. दोन्हीं प्रकारीं वरचें गणित केलें तर पहिलीं दोन चिन्हें चार आणि के हींच येतात. म्हणून एखादें पत्र निरर्थक इंग्रजी अक्षरांचें दिसलें आणि त्यांत चार-के, चार-के असें वारंवार आढळलें, तर समजावें कीं वेष न उतरविलेलें मराठी पत्र आहे, फेकूं नये. मध्यें मोकळी जागा आली म्हणजे ती एकच बाईट घेते, आणि तीन-तीनांची मांडणी सरकते. मग कांहीं काळ चार-के दिसत नाहीं. पण नजर सरावली कीं ओळख पटते.

दुसरी गोष्ट वजनाची. तीन बाईटांचीं चार चिन्हें झालीं म्हणजे माल एक-तृतीयांशानें वाढला. शिवाय माईमच्या नियमाप्रमाणें ७६ चिन्हांनंतर ओळ तोडावी लागते, आणि ओळ तोडण्याचीं दोन चिन्हें निराळीं. ७६ चिन्हांत ५७ बाईट मावतात. म्हणजे ५७ चे ७८ होतात, सुमारें ३७ टक्के वाढ. हा हिशेब न केल्यानें मी दुसऱ्यांदा फसलों. त्या कचेरीनें पुढें बाईंच्या यजमानांचें सगळें सेवापुस्तक मागितलें. मीं पानें छायांकित केलीं. फाईल २१ मेगाबाईटची झाली. त्यांची मर्यादा २५ मेगाबाईट होती, जीमेलचीहि तेवढीच आहे. एकवीस हे पंचविसांहून कमी, असें समजून मीं पाठविलें, आणि पत्र परत आलें. कारण वेष घातल्यावर एकवीसचे जवळजवळ एकोणतीस झाले होते. पंचवीसची मर्यादा असेल तर मूळ फाईल अठरांच्या आंत ठेवावी, हें मीं वहींत लाल शाईनें लिहून ठेविलें आहे. पुढें मीं पानें दोन फाईलींत वांटलीं, आणि दोन पत्रें करून पाठविलीं.

आतां प्रत्यक्ष आज्ञा कशी द्यावयाची? सीमारेषा आणि बेस-६४ हें सगळें हातानें करीत बसावें लागत नाहीं. तें करणारे कार्यक्रम आहेत. त्यांतील मट् नांवाचा एक फार सोयीचा आहे. मायकेल एल्किन्स ह्यांनीं तो १९९५ सालीं लिहिला. मी काय टंकतों तें क्रमानें सांगतों. प्रथम मट् हें नांव. मोकळी जागा. आडवी रेघ आणि तिला चिकटून लहान एस्. ही विषयाची खूण. मोकळी जागा, आणि अवतरणचिन्हांत विषय. मोकळी जागा. आडवी रेघ आणि लहान ए. ही सहपत्राची खूण. मोकळी जागा, आणि फाईलचें नांव. मोकळी जागा. आतां दोन आडव्या रेघा एकास एक लागून. मोकळी जागा, आणि ज्यास पाठवावयाचें त्याचा पत्ता. शेवटीं तो डावीकडे टोंक असलेला कोन, आणि ज्या फाईलींत पत्राचा मजकूर लिहिला आहे तिचें नांव.

कोन येथेंहि आहे, पण तो आतां योग्य जागीं आहे. मजकूर कोनांतून, कागद ए च्या खुणेनें. माझ्या पहिल्या चुकींत कागदच कोनांतून गेला होता.

मधल्या दोन रेघा विसरूं नयेत. मट् एका ए पुढें अनेक फाईली घेऊं शकतो. त्या कोठें संपल्या आणि पत्ता कोठून सुरू झाला, हें त्या दोन रेघा सांगतात. त्या नसतील तर पत्त्यासहि तो फाईलच समजतो, आणि अशी फाईल सांपडत नाहीं म्हणून तक्रार करतो. फाईलच्या नांवांत मोकळी जागा असेल तर नांवहि अवतरणचिन्हांत घालावें. नाहींतर एका नांवाचीं दोन होतात.

मट् नसेल तेथें मेल किंवा मेलएक्स असतो. येथें मात्र एक मोठा खड्डा आहे, आणि त्यांत शिकलेलीं माणसेंहि पडतात. मेलएक्स ह्या एकाच नांवानें निरनिराळे कार्यक्रम वावरतात. रेड हॅट घराण्याच्या लिनक्सवर लहान ए ची खूण सहपत्र जोडते. डेबियन घराण्यावर जो बीएसडी वळणाचा मेलएक्स मिळतो, त्यांत तीच लहान ए ची खूण पत्राच्या माथ्यावर एक ओळ वाढविते. सहपत्राशीं तिचा संबंध नाहीं. आणि ग्नू संस्थेच्या मेलयूटिल्समध्यें सहपत्रासाठीं मोठा ए लागतो. आपल्याकडे एकच शब्द वऱ्हाडांत एका अर्थानें आणि कोंकणांत दुसऱ्याच अर्थानें चालतो, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून परक्या यंत्रावर बसल्यावर प्रथम मॅन ही आज्ञा देऊन तेथील माहितीपत्रक वाचावें. नवख्या गांवीं गेल्यावर आधीं वाट विचारणें ह्यांत कमीपणा नाहीं.

यंत्र गप्प राहिलें म्हणजे पत्र पोंचलें, असें समजूं नये. ही माझी तिसरी चूक, आणि खरें म्हणजे सर्वांत मोठी. आज्ञा संपली कीं यंत्र एक अंक मागें ठेवतें. तो शून्य असेल तर काम ठीक. परंतु ठीक म्हणजे काय? पत्र आपल्याच यंत्रांतील डाकघरानें स्वीकारलें, एवढेंच. आपण लाल पेटींत पत्र टाकल्यासारखें तें आहे. पेटींतून तें पुढें गेलें कीं नाहीं, हें पहाण्यास मेलक्यू ही आज्ञा आहे; ती रखडलेल्या पत्रांची यादी दाखविते. घरगुती जोडणीवरून थेट दुसऱ्याच्या डाकघरीं पत्र देऊं गेलें तर पुष्कळदां दार उघडतच नाहीं. ज्यांच्याकडे आपलें ई-मेलचें खातें आहे त्यांच्यामार्फत, ओळख पटवून, तें पाठवावें लागतें. मात्र त्यासाठीं लागणारा सांकेतिक शब्द आज्ञेच्या ओळींत टंकूं नये, कारण त्याच यंत्रावर बसलेल्या दुसऱ्या मनुष्यास तो दिसूं शकतो. दुसऱ्याच्या घरचे कागद पाठवितांना ही काळजी दुप्पट घ्यावी.

आणि फाईल जशीच्या तशी पोंचली कीं नाहीं? त्यासाठींहि युक्ति आहे. शा-२५६-सम ही आज्ञा दिली कीं फाईलवरून ६४ चिन्हांचा एक ठसा निघतो. फाईलींतील एक बाईट बदलला तरी ठसा अगदीं निराळा येतो. तो ठसा आपण मजकुरांत लिहून द्यावा. घेणाऱ्यानें आपल्याकडे काढून ताडून पहावा. भाची म्हणाली कीं, एवढें न जमलें तरी मोठें काम करण्यापूर्वीं तेंच पत्र स्वतःच्या पत्त्यावर पाठवून, उघडून पहावें. हा सल्ला मला सर्व आज्ञांपेक्षां मोलाचा वाटला. विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिका देण्यापूर्वीं एकदां वाचून पहावी, असें मीं छत्तीस वर्षें मुलांना सांगितलें, आणि स्वतः मात्र तें केलें नाहीं.

कोणी म्हणेल, हातांतल्या फोनवर कागदाच्या चिमट्याचें चित्र दाबलें कीं काम होतें, मग ही खटपट कशाला? एकट्यादुकट्या पत्रासाठीं फोनच बरा, हें मीहि म्हणतों. परंतु मिहानांतल्या त्या यंत्रांपुढें रात्रीं दोन वाजतां चिमटा दाबावयास कोण बसणार? तेथें पडदा नाहीं, माणूस नाहीं. आज्ञा एकदां लिहून ठेवितात, आणि क्रॉन नांवाचा पहारेकरी नेमल्या वेळीं ती चालवितो. आमच्या वाचनालयांतहि आतां रोज रात्रीं नऊ वाजतां दिवसाच्या देवघेवीची यादी सहपत्र होऊन चिटणिसांच्या पत्त्यावर जाते. आज्ञा लिहिलेली असली कीं ती दुसऱ्यास दाखवितां येते, तपासतां येते, चूक कोठें झाली हें बोटानें सांगतां येतें. मला माझी चूक कळली, तीहि ती ओळ यंत्राच्या आठवणींत जशीच्या तशी राहिली होती म्हणून. चिमटा दाबलेल्या बोटाची अशी आठवण रहात नाहीं.

शेवटीं त्या बाईंची हकीगत. दुसऱ्या खेपेस मीं मजकूर निराळा लिहिला, कागद निराळा जोडला, आधीं स्वतःस पाठवून पाहिला, आणि पाठविल्यावर दुसऱ्या दिवशीं त्या कारकुनांस विचारून खात्री करून घेतली. ते म्हणाले, "गुरुजी, पानें स्वच्छ दिसतात." निवृत्तिवेतन सुरू झालें. पहिली रक्कम आली त्या दिवशीं बाई वाचनालयांत आल्या आणि पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. मीं तो उघडला नाहीं. आधीं त्यांच्या किराणावाल्याकडे नेऊन दिला. दोन महिने उधारीवर धान्य देणाऱ्याचा त्यावर माझ्यापेक्षां अधिक हक्क होता.

एके काळीं सोनेगांवीं थैली बदलणारा मनुष्य मध्यरात्रीं कंदिलाच्या उजेडांत लेबल वाचूनच थैली पुढें देत असेल. चुकीच्या विमानांत गेलेल्या थैलींत कोणाचें काय होतें, हें त्याला कधींच कळलें नसतें. म्हणूनच तो लेबल वाची. आपणहि पाठवा ही आज्ञा देण्यापूर्वीं एकदां आपली ओळ वाचावी, एवढेंच मला सांगावयाचें होतें.